चित्रातले मिसर आणि तोरेतले मिसर

आमच्या सिंगापुरातल्या घरी दिवाणखान्याच्या भिंतीवर एक चित्र आहे. मूळ नव्हे, छापील प्रत. इजिप्तमधील कर्नाक येथील देवळाच्या मोठ्या दालनाचे ते दृश्य आहे. खांब एवढे जाड, की त्यांच्या पायथ्याशी टेकलेली माणसे चिमुकली दिसतात. डेव्हिड रॉबर्ट्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १८३८ साली तेथे गेला, तेव्हाचे हे काम. २००९-१० मध्ये येथील राष्ट्रीय संग्रहालयात व्हिएन्नाहून आणलेल्या प्राचीन इजिप्तच्या वस्तूंचे प्रदर्शन भरले होते. शवपेट्या, मूर्ती, ताईत सारे पाहिले. पण देवळे काही बोटीत घालून आणता येत नाहीत. ती हौस भागवावी म्हणून मी पुढे ही प्रत विकत घेऊन चौकटीत बसवली.

गेल्या पेसाहला, म्हणजे आपली जुनी माणसे ज्याला अनशी ढाकण्याचा सण म्हणत त्या रात्री, सेदेर आटोपल्यावर मी अकरा वर्षांच्या नातीला या चित्रापाशी नेले आणि म्हटले, "बघ, हे सगळे आपल्या वाडवडिलांनी बांधले. फारोच्या चाबकाखाली."

ती म्हणाली, "पण आजी, आत्ताच आपण वाचलं ना की ते विटा करायचे? हे तर दगडाचं आहे."

वाचकहो, मी गप्प झाले. मुंबईत आणि नंतर येथे मिळून तेहतीस वर्षे मी इतिहास शिकवला आणि रविवारी आपल्या मुलांचा तोरेचा वर्गही घेतला. पुस्तकातले हेच चित्र उघडून हेच वाक्य मी किती मुलांना सांगितले असेल, त्याची गणती नाही. एकानेही शंका काढली नाही, आणि मलाही ती सुचली नाही. तेव्हा हा धडा मुलांसाठी नाही. माझ्यासारख्या मोठ्यांसाठी आहे. ज्या वर्गांना मी चुकीचे सांगितले त्यांच्यापैकी कोणी हे पान वाचत असेल, तर त्याच्यासाठीही आहे.

प्रथम तोरा काढा. शेमोतचा पहिला अध्याय पाहा. तेथे इस्राएल लोकांनी फारोसाठी दोन नगरे बांधल्याचे सांगितले आहे, पिथोम आणि रामसेस. ती कसली नगरे, तर "मिस्केनोत", म्हणजे कोठारांची. पुढे काम कशाचे, तर "होमेर" आणि "लेवेनीम": गारा आणि विटा. पाचव्या अध्यायात जो जुलूम वाढतो तोही पेंढ्यावरून. पेंढा मिळणार नाही, तो तुमचा तुम्ही वेचून आणा, पण विटांची संख्या एकानेही कमी होता कामा नये. एवढेच. देवळाचा उल्लेख नाही, खांबाचा नाही, पिरॅमिडचा तर नाहीच नाही. फारोचे नावसुद्धा तोरा सांगत नाही. मात्र शिफ्रा आणि पुआ या दोन सुइणींची नावे सांगते. काय मोठे आणि काय लहान, याचा तोरेचा हिशेब चित्रकाराच्या हिशेबाहून वेगळा आहे.

गारा आणि पेंढा या वस्तू आपल्या कोकणच्या माणसाला समजावून सांगायला नकोत. माझ्या आजोळी अलिबागकडे परसातल्या भिंती मातीच्या होत्या. पावसाळ्यानंतर माती भिजवून, भाताचा पेंढा बारीक तोडून, पायांनी तुडवून गारा करीत. पेंढा नसला तर वाळताना मातीला भेगा पडतात, एवढे त्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. नाईलच्या काठी हजारो वर्षे हेच चालत आले. देव आणि मेलेले राजे यांच्यासाठी दगड. जिवंत माणसांची घरे, धान्याची कोठारे आणि राजवाडेदेखील कच्च्या विटांचे. आपले लोक होते ते या दुसऱ्या कामावर.

मग ही दगडी देवळे आपल्या डोळ्यांसमोर आली कोठून? तर चित्रांतून, आणि तीही बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या.

त्याआधी आपल्या हगादांतून मिसर देश कसा दिसे ते पाहावे. १६९५ साली ॲमस्टरडॅम येथे जी हगादा छापली गेली, तिची ताम्रपटावरची चित्रे अब्राहम बार याकोब या कारागिराने एका ख्रिस्ती चित्रकाराच्या बायबलवरून घेतली होती. त्यातला मिसर म्हणजे चक्क युरोपातले गाव. पुढे दीड-दोनशे वर्षे देशोदेशींच्या हगादांनी याच चित्रांच्या नकला केल्या. आपली पुण्याची मराठी हगादा १८७४ ची, मोशे याकोब तळकर आणि अहरोन दानिएल तळकर यांनी तयार केलेली. तिच्यात मत्झा करणाऱ्या बायका नेसल्या आहेत साड्या! कोणी हसेल, पण मला ते चित्र प्रामाणिक वाटते. आपण मिसर पाहिलेला नाही, आपल्या बायका मात्र रोज पाहतो, असे ते सरळ सांगते.

१७९८ साली नेपोलियन फौज घेऊन इजिप्तमध्ये उतरला आणि सोबत विद्वानांचा व चित्रकारांचा तांडा घेऊन गेला. त्यांतला देनों हा पन्नाशी उलटलेला गृहस्थ सैन्याबरोबर घोड्यावरून वरच्या इजिप्तपर्यंत गेला आणि जमेल तेथे चित्रे काढीत राहिला. त्याचे पुस्तक १८०२ साली निघाले. नंतर १८०९ पासून फ्रेंच सरकारने प्रचंड आकाराचे ग्रंथ काढले. युरोपला इजिप्तची देवळे बारकाईने दिसली ती यांतून. भिंतींवर कोरलेली अक्षरे अजून कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियोंला ती कळली १८२२ मध्ये. म्हणजे आधी चित्र आले आणि अर्थ वीस वर्षांनी आला. मधल्या काळात ज्याने त्याने आपापला अर्थ लावला.

त्याचा एक नमुना आपल्या मुंबई इलाख्याशी जोडलेला आहे. फ्रेंचांशी लढायला इंग्रजांनी १८०१ मध्ये हिंदुस्थानातून जनरल बेअर्ड याच्या हाताखाली फौज पाठवली. तीत मुंबईच्या देशी पलटणी होत्या. त्या काळी मुंबईच्या पलटणींत आपल्या लोकांचीही नोकरी असे. १७९६ साली मुंबईत आपले पहिले सिनगॉग बांधणारे शमुवेल इझेकिएल दिवेकर फौजेतलेच. ही फौज तांबड्या समुद्रावरील कोसेर बंदरात उतरली आणि वाळवंट तुडवून नाईलकाठच्या केना गावी पोचली. नदीपलीकडे देंडेरा येथे हाथोर देवीचे मोठे देऊळ आहे. देवीचा चेहरा बाईचा आणि कान गाईचे. हिंदू शिपायांनी ते पाहिले आणि त्यांना वाटले, हे तर आपलेच देऊळ! देवांची अशी आबाळ केली म्हणून ते गावकऱ्यांवर रागावले, असे त्या फौजेतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. उलट बाजूने पाहा: त्याच सुमारास काही युरोपीय मंडळी आपली घारापुरीची लेणी इजिप्शियन लोकांनी खोदली असावीत असे म्हणत होती.

त्या शिपायांची गंमत मी वर्गात नेहमी रंगवून सांगत असे. मुले हसत, मीही हसे. मग पान उलटून कर्नाकचे चित्र काढून मी काय सांगत होते? हे तर आपलेच! शिपायांत आणि माझ्यात फरक काय राहिला?

असो. आता रॉबर्ट्सकडे येऊ. हा चांभाराचा मुलगा, जन्म १७९६, एडिंबरोजवळचा. घरे रंगवणाऱ्याकडे उमेदवारी केली आणि नंतर नाटकांचे पडदे रंगवू लागला. प्रेक्षक थक्क व्हावा म्हणून खांब किती उंच आणि माणूस किती लहान दाखवायचा, हे तो नाटकघरात शिकला. १८२९ मध्ये त्याने एक मोठे चित्र प्रदर्शनात मांडले: इस्राएल लोक मिसर सोडून निघाले आहेत. खांबांवर खांब, गच्च्यांवर गच्च्या, आणि खाली मुंग्यांसारखा जनसमुदाय. चित्र गाजले. पण त्या वेळी रॉबर्ट्सने इजिप्तमध्ये पाऊलही टाकलेले नव्हते! जॉन मार्टिनने १८२३ साली गारांची आपत्ती रंगवली, तीही तशीच, न पाहता. आपल्या पूर्वजांच्या सुटकेला दगडी खांबांची ही पार्श्वभूमी दिली ती अशा चित्रांनी. मिसर म्हणजे प्रचंड देवळे हे समीकरण रॉबर्ट्सने आधी रंगवले, आणि ती देवळे तो पाहायला गेला नऊ वर्षांनी.

१८३८ च्या सप्टेंबरात तो अलेक्झांड्रियाला उतरला. नाव भाड्याने घेऊन नाईलमधून थेट अबू सिंबेलपर्यंत गेला आणि परतीच्या वाटेवर एकेका देवळापाशी थांबून चित्रे काढली. कैरोत मशिदींच्या आत बसून चित्रे काढायची परवानगी मिळाली, पण डुकराच्या केसांचा कुंचला वापरायचा नाही या अटीवर. (आपल्याला ही अट ऐकून बरे वाटते.) १८३९ च्या फेब्रुवारीत तो उंटांवरून सिनायकडे निघाला आणि पुढे यरुशलेमला गेला. ती मुंबई-सुएझ वाट चालू झाल्याची वर्षे होती. मुंबईत बांधलेली ह्यू लिंडसे ही आगबोट १८३० मध्ये प्रथम सुएझला पोचली, आणि सिंगापूरला विलायतेची डाक आगबोटीने येऊ लागली १८४५ पासून, तीही इजिप्त ओलांडूनच. हिंदुस्थानात किंवा मलायात नोकरीस निघालेला साहेब वाटेत इजिप्त पाहून येई. अशा चित्रांना गिऱ्हाईक तयार होते.

रॉबर्ट्सच्या जलरंगांवरून लुई हाग या बेल्जियन कारागिराने शिळाप्रती केल्या. शिळाछाप म्हणजे सपाट दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि शाई फिरवायची. शाई ओल्या जागेवर बसत नाही, तेलकट रेघेवर बसते. आपल्याकडच्या जुन्या मराठी पोथ्या अशाच छापल्या जात. हागचा उजवा हात जन्मतः अधू होता. त्याने हे सारे डाव्या हाताने केले. १८४२ ते १८४९ या काळात जवळजवळ अडीचशे चित्रे बाहेर पडली. पुढे तीच आपल्या पाठ्यपुस्तकांत, बायबलांत आणि कॅलेंडरांवर येत राहिली. माझ्या भिंतीवरचे त्यांतलेच.

हा मनुष्य खोटारडा होता असे मला मुळीच म्हणायचे नाही. इजिप्तला गेल्यावर त्याने जे पाहिले ते फार निष्ठेने काढले. एडफूचे देऊळ त्याच्या चित्रात निम्मे वाळूत गाडलेले आहे, कारण तेव्हा ते तसेच होते. त्याच्या छपरावर लोकांच्या झोपड्या होत्या. मारिएतने १८६० च्या सुमारास ते मोकळे केले. फिले बेटावरील देवळाच्या खांबांवर त्याने हिरवे-निळे रंग दाखवले आहेत. १९०२ साली आस्वानचे पहिले धरण झाले, बेट वर्षातले कित्येक महिने पाण्याखाली जाऊ लागले आणि ते रंग धुऊन गेले. आज ते रंग पाहायचे तर रॉबर्ट्सचेच चित्र काढावे लागते. ते देऊळही आता मूळ जागी नाही. मोठ्या धरणामुळे ते १९७२ ते १९८० या काळात दगड दगड सोडवून शेजारच्या आगिलकिया बेटावर उभारले. अबू सिंबेलही १९६४ ते १९६८ मध्ये कापून वर हलवले गेले.

चूक आहे ती आपल्या वापरण्यात. या देवळांचे वय बघा. एडफूचे काम सुरू झाले इ. स. पूर्व २३७ मध्ये, ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांच्या अमलात. देंडेराचे आजचे देऊळ त्याहून अलीकडचे, इ. स. पूर्व पहिल्या शतकातले; त्याचा दर्शनी मंडप तर रोमन. म्हणजे ज्या काळात यरुशलेमला आपले दुसरे मंदिर उभे होते, तेव्हाची ही बांधकामे. मोशे रब्बेनूंच्या काळाशी त्यांचा संबंध हजार वर्षांनी चुकतो. कर्नाकचे माझ्या चित्रातले दालन मात्र तेवढे नवे नाही. त्यातले १३४ खांब सेती पहिला आणि त्याचा मुलगा रामसेस दुसरा यांच्या वेळचे, इ. स. पूर्व तेराव्या शतकातले. पुष्कळ विद्वान मिसरातून निघण्याची गोष्ट याच काळाशी जोडतात. काळ जुळला, तरी जागा जुळत नाही. कर्नाक वरच्या इजिप्तमध्ये. आपले लोक राहत होते गोशेन प्रांतात, म्हणजे खाली नाईलच्या मुखाजवळ, पूर्वेकडच्या सखल भागात. मध्ये शेकडो मैल.

आणि त्या सखल भागात चित्रकाराने काढावे असे काही उरलेच नव्हते. तेथे दगड नाही, नुसता काळा गाळ. रामसेसने वसवलेली राजधानी हल्लीच्या कांतीर गावापाशी होती, हे विसाव्या शतकातल्या उत्खननांनी दाखवले. तिच्यातले दगड नंतरच्या राजांनी उचलून तानिसला नेले आणि विटांची माती झाली. जुन्या विटांची माती खत म्हणून चांगली, म्हणून शेतकरी गाढवावर लादून ती शेतात टाकीत; कित्येक जुनी शहरे अशी खणून नेली गेली. आपल्या पूर्वजांच्या हातच्या विटा असल्या, तर त्या कोठल्या तरी कापसाच्या आणि गव्हाच्या मुळांशी गेल्या. रॉबर्ट्स तेथे थांबून काय काढणार?

चित्रकारांचा हा घोटाळा कळसाला पोचला तो एडवर्ड पॉयंटरच्या 'इझ्रेल इन ईजिप्त' या चित्रात. ते १८६७ चे, लंडनच्या गिल्डहॉल चित्रसंग्रहात आहे. रुंदी दहा फुटांहून अधिक. शेकडो इस्राएली गुलाम एक अजस्र दगडी सिंह गाड्यावरून ओढीत आहेत आणि मुकादम चाबूक मारीत आहेत. मागे गिझाचा पिरॅमिड, एडफूचे गोपुर, फिलेचे देऊळ, हेलिओपोलिसचा स्तंभ, सारे एकाच अंगणात! जसे कोणी वेरूळ, घारापुरी, रायगड आणि गेटवे ऑफ इंडिया एकाच गल्लीत काढावे. सिंह लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या सिंहावरून घेतला, फक्त कितीतरी फुगवून. चित्र विकत घेतले जॉन हॉकशॉ या इंजिनिअरने, ज्याने सुएझ कालव्याबद्दल सल्ला दिला होता. त्याने म्हणे हिशेब केला, की एवढ्या माणसांनी एवढे वजन हलणार नाही. मग पॉयंटरने आणखी गुलाम वाढवले. वजनाचा हिशेब केला, पण विटा कोठे आहेत हे त्या इंजिनिअरनेही विचारले नाही. माझ्या नातीने विचारले!

आता दुसरे एक चित्र सांगते. लक्सरसमोरच्या डोंगरात रेखमिरे नावाच्या वजिराची कबर आहे, इ. स. पूर्व पंधराव्या शतकातली. तिच्या भिंतीवर विटा पाडण्याचे काम रंगवले आहे. एक जण तळ्यातून घागर भरतो, दुसरा कुदळीने चिखल कालवतो, तिसरा लाकडी साच्याने वीट पाडतो, विटांच्या रांगा वाळत आहेत, आणि काठी घेतलेला मुकादम निवांत बसला आहे. कामकरी दक्षिणेकडून आणि सीरियाकडून आणलेले कैदी आहेत, आणि विटा आमोन देवाच्या कोठारांसाठी आहेत. १८२८-२९ मध्ये शांपोलियोंबरोबर गेलेल्या रोसेलिनीने हे चित्र उतरवून घेतले आणि हेच आपले हिब्रू लोक, असे जाहीर करून टाकले. इंग्रज विल्किन्सन अधिक सावध होता. हे हिब्रू असतीलच असे नाही, पण परदेशी कैद्यांकडून हेच काम करून घेत होते हे मात्र दिसते, असा त्याचा सूर. मला विल्किन्सन पटतो. माणसे आपली नसतील. काम आपल्या हगादेतले आहे. शिवाय हे काढणारा इजिप्तचाच, त्याच काळच्या आसपासचा, आणि त्याने हे काम रोज पाहिले असणार.

रॉबर्ट्सचे चित्र मी भिंतीवरून काढलेले नाही. त्याच्या शेजारी आता रेखमिरेच्या विटा पाडणाऱ्यांची एक लहानशी रंगीत प्रत लावली आहे. नात परवा बराच वेळ तिच्यासमोर उभी होती. विटांच्या रांगा मोजल्या, मुकादमाच्या काठीकडे बोट दाखवले, आणि मग विचारले की खरी वीट फोडली तर आत पेंढा दिसतो का. दिसतो, म्हटले. ब्रिटिश म्युझियममध्ये रामसेस दुसऱ्याच्या नावाचा शिक्का उमटवलेली कच्ची वीट आहे. तिच्यात पेंढ्याच्या काड्या अजून दिसतात.